शौचातून रक्त जातंय? मूळव्याध समजून अंगावर काढू नका

जळोची : शौचातून रक्त पडलं की 'मूळव्याध असेल' म्हणून घरगुती औषध सुरू होतं. बऱ्याचदा ती मूळव्याधच असते. पण मोठ्या आतड्याच्या कर्करोगातही असंच रक्त जातं. फरक अंदाजाने नाही, तपासणीनेच कळतो.

पचनसंस्थेचा कर्करोग अन्ननलिकेपासून गुदाशयापर्यंत कुठेही, तसंच यकृत, पित्ताशय आणि स्वादुपिंडातही होतो.

लक्षणं ओळखा
• अन्ननलिका : आधी भाकरी, पुढे पातळ पदार्थही गिळताना अडकतात.
• जठर : भूक मंदावते, दोन घासांत पोट भरतं, संडास डांबरासारखी काळी होते.
• मोठं आतडं, गुदाशय : रक्त जातं, शौचाची सवय बदलते, अंगातलं रक्त कमी होऊन थकवा येतो.
• यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड : कावीळ होते, वजन घटतं. स्वादुपिंडाचा कर्करोग बहुधा उशिरा कळतो. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचं १७ मार्च २०१९ रोजी याच आजाराने निधन झालं.

धोका कशाने वाढतो?
तंबाखू, विडी-सिगारेट आणि दारूने. हिपॅटायटिस 'बी'मुळे यकृताचा कर्करोग होऊ शकतो. त्याची लस बाळांना सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.

तपासणी कशी होते?
दुर्बिणीने आतून पाहून संशयित जागेचा छोटा तुकडा तपासतात. 'तुकडा काढला की कॅन्सर पसरतो' या भीतीने अनेकजण तपासणी टाळतात. ही भीती चुकीची आहे. उशीर मात्र महागात पडतो.

कुठे जायचं?
आधी बारामतीच्या सरकारी रुग्णालयात दाखवा. कर्करोगाच्या उपचारांसाठी बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आणि मुंबईचं टाटा रुग्णालय आहे. जाताना रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार बसतात.