ब्रायटनच्या वाटेवरील आवाज

लंडन शहरांत ता. १४ नोव्हेंबर १८९६ रोजीं, शनिवारीं, सकाळीं हवा कुंद होती आणि रस्ते ओले होते. तरीहि मेट्रोपोल हॉटेलापुढें बघ्यांची दाटी झाली होती. घोडा न जुंपतां चालणाऱ्या गाड्या तेथून ब्रायटनला, म्हणजे पन्नासांहून अधिक मैल दूर समुद्रकांठीं, जावयाच्या होत्या. त्याच दिवशीं नवा कायदा अंमलांत आला होता. तीन टनांहून हलक्या यांत्रिक गाड्यांना ताशी १४ मैल वेगानें जाण्याची मोकळीक त्यानें दिली होती. सरकारच्या स्थानिक कारभार मंडळानें मात्र हात आंखडता घेऊन ती मर्यादा १२ मैलांवर आणली. मोटारवाल्यांनीं या प्रवासाला ‘मुक्तीचा प्रवास’ असें नांव दिलें.

मुक्ति कशापासून, हें थोडें सांगितलें पाहिजे. १८६५ च्या कायद्यानें रस्त्यावरील वाफेच्या इंजिनांना गांवाबाहेर ताशी ४ मैल आणि गांवांत २ मैल एवढाच वेग ठरवून दिला होता. शिवाय गाडीच्या ६० यार्ड पुढें एका मनुष्यानें तांबडें निशाण घेऊन चाललें पाहिजे, असा दंडक होता. तो धूड इंजिनांसाठीं केलेला कायदा पुढें बारक्या पेट्रोल गाड्यांनाहि लागू झाला. मोटारींच्या जन्मकथेंत हा निशाणवाला एखाद्या पौराणिक राक्षसाप्रमाणें येतो. मेजवानीच्या भाषणांत, शाळेच्या पुस्तकांत, चित्रांत तो ठरलेलाच. परंतु १८७८ सालींच कायद्यांत दुरुस्ती होऊन निशाणाची सक्ति निघाली होती आणि पुढें चालणाऱ्या मनुष्याचें अंतर २० यार्डांवर आलें होतें. म्हणजे १८९६ सालीं मनुष्य होता, पण निशाण अठरा वर्षांपूर्वींच गेलें होतें!

मग हें निशाण लोकांच्या मनांत इतकें पक्कें कसें बसलें? त्याचें श्रेय बरेंचसें हॅरी लॉसन या गृहस्थाकडे जातें. लॉसन हा चतुर आणि धाडसी मनुष्य. १८७९ सालीं त्यानें मागच्या चाकाला साखळी लावलेल्या सायकलीचें पेटंट घेतलें होतें; पुढें मोटारींचीं जेवढीं पेटंटें सांपडतील तेवढीं विकत घेऊन सगळा इंग्रजी मोटारधंदा आपल्या मुठींत आणण्याचा बेत त्यानें मांडला. मोटार-कार-क्लब त्याचाच आणि ब्रायटनचा प्रवासहि त्याचाच. निघण्यापूर्वीं न्याहारीची मेजवानी झाली आणि तींत अर्ल ऑफ विंचिल्सी यांनीं सर्वांसमक्ष एक तांबडें निशाण फाडून टाकलें. कायद्यानें जें कधींच सोडलें होतें तें समारंभानें पुन्हां आणून फाडलें गेलें. जाहिरातीची ही युक्ति इतकी साधली कीं, पुढें खरा कायदा विसरला गेला आणि फाडलेलें निशाण तेवढें राहिलें. लॉसनला मात्र ती फळली नाहीं. त्याच्या कंपन्या कोसळल्या, आणि १९०४ सालीं भागीदारांना फसविल्याबद्दल त्याला एक वर्षाच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली.

प्रवासाची हकीगतहि अशीच संशयाची आहे. रॉयल ऑटोमोबाइल क्लब सांगतो त्याप्रमाणें ३३ मोटारवाले निघाले आणि १७ पोहोंचले; इतरांच्या हकीगतींत आंकडे निराळे आहेत. एक विजेची गाडी रेल्वेनें ब्रायटनला नेऊन, तिच्यावर चिखल शिंपडून मग मिरवणुकींत घुसविली, अशी बोलवाही तेव्हांपासून आहे. पहिला कोण आला, हाहि वादच. फ्रान्सच्या लिऑं बोले याची तीनचाकी गाडी पहिली आली, असें साधारणपणें मानतात. तिच्यांत उतारूनें पुढें बसावयाचें आणि चालकानें त्याच्या पाठीमागें. अपघात झाल्यास आधीं मान कोणाला, हें उघडच आहे. उलट अमेरिकेच्या ड्युरिया बंधूंचा पक्ष म्हणे कीं, पहिली आमची गाडी. यांपैकीं फ्रँक ड्युरिया हा १८९५ सालीं शिकागोची शर्यत जिंकलेला मनुष्य. तो १९६७ सालीं वयाच्या ९७ व्या वर्षीं वारला. त्या शनिवारचा एक साक्षी मनुष्य चंद्रावर पाऊल ठेवण्याच्या दोनच वर्षें आधींपर्यंत जिवंत होता, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

एडिसनचा फोनोग्राफ १८७७ सालचा. म्हणजे ब्रायटनच्या प्रवासाच्या वेळीं तो चांगला एकोणीस वर्षांचा झाला होता. पण गायकाच्या आणि मुत्सद्द्याच्या तोंडापुढें धरावयाचें तें कर्णें, चिखलानें माखलेल्या मेकॅनिकपुढें कोण धरणार? त्या दिवसाचें लिखित वर्णन केलें तें वर्तमानपत्रांनीं आणि चार्लस जॅरटसारख्या लेखणी चालविणाऱ्या हौशी मोटारवाल्यांनीं. गाडी प्रत्यक्ष चालती ठेवणारा नोकर त्यांत क्वचितच बोलतो. ‘शोफर’ या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ भट्टी पेटविणारा असा आहे, आणि आरंभींच्या शोफराचें काम खरोखरच तसलें होतें. कित्येक गाड्यांत ठिणगीऐवजीं एक प्लॅटिनमची नळी दिव्यावर तापवून लाल ठेवावी लागे. वाऱ्यानें दिवा विझला कीं गाडी थांबली. पट्टा पावसानें ओला झाला कीं घसरे. पेट्रोल मिळावयाचें तें औषधांच्या दुकानांत, आणि मोडतोड झाली तर गांवचा लोहार. त्या लोहाराला घोड्यांचे नाल ठोकणें सोडून हें नवें काम करतांना काय वाटलें, हें कोणत्याहि ग्रंथांत मिळत नाहीं.

१९२७ सालीं दोन इंग्रजी वर्तमानपत्रांनीं पुढाकार घेऊन या प्रवासाची आठवण पुन्हां जागी केली. (त्याच सालीं ता. २३ जुलै रोजीं मुंबईचें नभोवाणी केंद्र सुरू झालें.) भंगारांत पडलेल्या गाड्या बाहेर निघाल्या आणि लोक हंसत हंसत त्यांना पाहावयास गेले. १९३० सालीं ब्रायटनच्या एका हॉटेलांत जुन्या मोटारींच्या शोकिनांनीं व्हेटरन कार क्लब स्थापन केला. त्याच सालापासून रॉयल ऑटोमोबाइल क्लब या प्रवासाची व्यवस्था पाहूं लागला. महायुद्धाच्या वर्षांत आणि पेट्रोलच्या टंचाईमुळें १९४७ सालीं खंड पडला, १९२० नंतर बरोबर शंभर वर्षांनीं आलेल्या साथीच्या सालींहि पडला. एरवीं दर नोव्हेंबरांत १९०५ पूर्वींच्या गाड्या सूर्योदयाला हाइड पार्कांतून निघतात, आणि निघण्यापूर्वीं निशाण फाडण्याचा विधि अजून होतो.

१८९६ सालीं पंचविशींत असलेला चालक १९३० सालीं साठीच्या आंतच होता. विचारणाऱ्याला वेळ पुष्कळ होता, पण आवाज टिकविण्याचें साधन अडचणीचें होतें. बी. बी. सी. नें त्या सुमारास पोलादी फितीवर ध्वनिमुद्रण सुरू केलें. ती फीत पुसून पुन्हां वापरतां येई, आणि पुन्हां वापरतां येणाऱ्या वस्तूचें जें होतें तेंच बहुतेक मुद्रणांचें झालें. नंतर अॅल्युमिनियमच्या तबकड्यांवर मऊ लाखेसारखा लेप देऊन त्यावर आवाज कोरूं लागले. १९३६ सालीं सुटीच्या दिवसांपुरती नोकरीस आलेल्या मारी स्लोकम् या तरुणीला धूळ खात पडलेल्या कांहीं तबकड्या निवडून फेंकून देण्यास सांगण्यांत आलें. तिनें त्यांवरचीं नांवें वाचलीं. शॉ, वेल्स, चेस्टर्टन, चर्चिल! ती थबकली, वरिष्ठांना भेटली, आणि तबकड्या वांचल्या. बी. बी. सी. चा ध्वनिसंग्रह येथून सुरू झाला असें मानतात. बाई १९७२ पर्यंत त्याच कामांत होत्या. पण हेंहि खरें कीं, त्या तबकड्यांवर शॉ नसता आणि ब्रायटनच्या वाटेवरचा एखादा लोहार असता, तर कदाचित् तिचाहि हात थबकला नसता.

लोहाराची पाळी आली ती फितीच्या यंत्रामुळें. जर्मनींत १९३५ सालीं दाखविलेलें चुंबकीय फितीचें यंत्र महायुद्धानंतर सर्वत्र पसरलें. १९५० नंतर एका मनुष्याला खांद्यावर नेतां येईल असें यंत्र इंग्लंडांत निघालें, आणि १९६३ सालच्या कॅसेटीनें तर तें कोणाच्याहि हातीं आलें. जुन्या गाड्यांचे क्लब, स्थानिक इतिहासमंडळें, संग्रहालयें यांनीं आपापल्या हौसेनें म्हाताऱ्या चालकांना आणि मेकॅनिकांना बोलतें केलें. मुलाखत रस्त्याच्या कडेला घेतली असेल तर मागें इंजिनाची धडधड ऐकूं येते, चहाचे पेले वाजतात, कोणी मध्येंच घाईनें हांक मारतो. मुद्रणाच्या शास्त्राप्रमाणें हा दोष. इतिहासाच्या दृष्टीनें तो ठेवा आहे. ससेक्सच्या खेड्यांतील बोलण्याची ढब, अवजारांना लोक देत तीं घरगुती नांवें, मालकाविषयीं बोलतांना जरा खालीं जाणारा स्वर, हें कागदावर उतरत नाहीं.

आतां या फितींचीच प्रकृति ढासळली आहे. अॅसिटेटच्या फितीला कुजतांना व्हिनेगरचा आंबूस वास येतो. १९७०-८० च्या सुमाराच्या कांहीं फितींतील चिकटा हवेंतील दमट शोषून घेतो. त्या यंत्रांत चिकटतात, किंचाळतात, आणि वरची भुकटी सुटून आवाजच खरडला जातो. त्यांना सुमारें ५० अंशांच्या मंद उष्णतेंत कित्येक तास ठेवावें लागतें; मग थोडे दिवस त्या वाजण्याजोग्या होतात, तेवढ्यांत नक्कल करून घ्यावयाची. लेपाच्या तबकड्या तर आटून, तडे जाऊन सोलून निघतात. यंत्रांचे सुटे भाग मिळत नाहींत आणि तीं दुरुस्त करणारे हातहि कमी होत चालले आहेत. पॅट्रिक सॉल या गृहस्थाच्या चिकाटीनें १९५५ सालीं लंडनांत ध्वनिमुद्रणसंस्था निघाली आणि १९८३ सालीं ती ब्रिटिश लायब्ररींत मिळाली. त्या लायब्ररीनें २०१७ ते २०२२ या काळांत लॉटरीच्या निधीच्या साहाय्यानें देशभरच्या दुर्मिळ मुद्रणांच्या नकला करून घेण्याची मोठी मोहीम चालविली. पण क्लबाच्या चिटणिसाच्या माळ्यावरील पेटी अशा मोहिमेपर्यंत आपण होऊन चालत जात नाहीं.

सांपडलेली फीत ऐकतांना इतिहासकारानें भाबडें होऊं नये. एखादा वृद्ध, “निशाणवाला मीं डोळ्यांनीं पाहिला,” असें म्हणाला तर तो खोटें बोलतो असें नव्हे, आणि खरें बोलतो असेंहि नव्हे. त्यानें कदाचित् समारंभांतलें निशाण पाहिलें असेल, कदाचित् दरसालच्या विधींतलें. मनुष्याची आठवण ही पेटींत ठेवलेली वस्तु नाहीं. ती दर वेळीं सांगतांना नव्यानें घडते, आणि जेथें उत्सव दरवर्षीं होतो तेथें ती उत्सवाच्याच घाटाची होते. म्हणून कायदा कायद्याच्या पुस्तकांत पाहावा, गाड्यांची संख्या त्या दिवसाच्या पत्रांत ताडून घ्यावी, आणि म्हाताऱ्याकडून घ्यावयाचें तें निराळेंच: दिवा विझल्यावर काड्या कोणत्या खिशांत ठेवीत, घोडे बुजले तर गाडीवानाला काय सांगत, रात्रीं हात कशानें धूत. असल्या बाबतींत खोटें सांगण्याचें कोणालाच कारण नसतें.

सर्वांत मोठी अडचण मात्र साधी आहे. पेटीवर पुष्कळदां नुसतें ‘ब्रायटन’ असें पेन्सिलीनें लिहिलेलें असतें; साल नाहीं, नांव नाहीं. विचारणाऱ्यानें आरंभीं बोलणाराची ओळख करून दिली नसेल तर उरतो तो निव्वळ आवाज. तो ओळखूं शकणारा क्लबाचा सभासद आतां स्वतःच ऐंशीच्या पुढें गेलेला असतो. तेव्हां फीत यंत्रावर चढविण्यापूर्वीं त्याला शेजारीं खुर्ची द्यावी लागते आणि दुसरें यंत्र त्याच्यापुढें सुरू ठेवावें लागतें. कारण आवाज कोणाचा हें सांगतां सांगतां तोहि बोलूं लागतो.