ल्यूथरचे वडील आजारी पडतात तेव्हा

आई-वडील एका गावात, आपण दुसऱ्याच शहरात, आणि एक दिवस भावाकडून कळतं की बाबांचं काही खरं नाही. ही वेळ आपल्या पिढीवरच पहिल्यांदा आलेली नाही, मंडळी. फेब्रुवारी 1530 मध्ये जर्मनीतल्या विटेनबर्ग गावी एका 46 वर्षांच्या प्राध्यापकाला धाकट्या भावाचं असंच पत्र आलं होतं. प्राध्यापकाचं नाव मार्टिन ल्यूथर.

शाळेच्या इतिहासात आपण ह्या माणसाला तीन ओळींत उरकतो. 1517 साल, चर्चविरुद्धचे 95 मुद्दे, प्रॉटेस्टंट पंथाची सुरुवात, पाच मार्क, विषय संपला. पण मला त्याची ही बाजू जास्त जवळची वाटते : म्हातारा बाप अंथरुणाला खिळलाय आणि मुलाला जाता येत नाहीये.

अंतर म्हणाल तर फार नव्हतं. आईवडिलांचं मान्सफेल्ड विटेनबर्गपासून शंभर किलोमीटरच्या आसपास. पण 1521 मध्ये सम्राटाने ल्यूथरला कायद्याबाहेर टाकलेलं. शिवाय 1525 च्या शेतकरी बंडात त्याने बंडखोरांविरुद्ध भयंकर जहाल लिहिलेलं, म्हणजे सरदार एकीकडून चिडलेले आणि शेतकरी दुसरीकडून. मित्रांनी सांगितलं, रस्त्यात जिवाला धोका आहे, जाऊ नकोस. तो गेला नाही.

आता ह्या बापलेकाचं नातं कसं होतं ते बघा. वडील हान्स शेतकऱ्याच्या घरातले, मान्सफेल्डला तांब्याच्या भट्ट्या चालवून वर आलेले. पोराने वकील व्हावं म्हणून त्याला एरफुर्टला शिकायला घातलं. जुलै 1505 मध्ये वादळात जवळच वीज पडली आणि घाबरलेल्या मार्टिनने संत ॲनाला नवस केला, वाचव, मी संन्यासी होतो! (संत ॲना ही खाणकामगारांची संत, म्हणजे एका अर्थी घरचंच दैवत.) पंधरा दिवसांत पोरगा मठात. बाप प्रचंड संतापला. 1507 मध्ये मुलाच्या पहिल्या मिस्साला हान्स आला, तो वीस घोडेस्वार घेऊन आणि मठाला वीस गुल्डन देऊन. पण त्याच पंगतीत त्याने सुनावलंही, आईबापांचा मान राखायची आज्ञा तुम्ही लोकांनी वाचली नाहीये का? हे वाक्य ल्यूथरला जन्मभर टोचत राहिलं. 1521 मध्ये संन्यासाच्या शपथांवर टीका करणारं पुस्तक लिहिलं, ते त्याने वडिलांनाच अर्पण केलं.

इथे मध्येच एक जुनी गोष्ट सांगतो, तिच्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. 1510 च्या सुमारास तरुण संन्यासी ल्यूथर रोमला गेला होता. तेव्हाची श्रद्धा अशी, की मेलेल्या माणसाचा आत्मा पर्गेटरीत, म्हणजे शुद्ध होण्याच्या मधल्या जागेत, यातना भोगतो; आणि मागे राहिलेल्यांनी मिस्सा करवल्या, पापमुक्तीची पत्रं घेतली, पवित्र जागांची यात्रा केली, तर त्या यातना कमी होतात. रोममध्ये तर ह्याची सोय जागोजागी. ल्यूथरला तिथे चक्क वाईट वाटलं, की आपले आईवडील अजून जिवंत आहेत! मेले असते तर आत्ताच त्यांना सोडवून टाकलं असतं. ही आठवण त्याने स्वतःच नंतर लिहिली, 117 व्या स्तोत्राच्या विवेचनात. आणि ते लिहिल्याचं साल कोणतं? 1530. वडील गेले तेच वर्ष.

म्हणजे मुद्दा लक्षात घ्या. मरणाऱ्या बापासाठी मुलाने काय करायचं, ह्याची अख्खी यादी जुन्या चर्चने तयार ठेवली होती. ती यादी खोटी आहे असं सांगण्यात ह्या माणसाने तेरा वर्षं घालवली. आणि आता त्याचाच बाप आजारी. नवस नाही, संतांची मध्यस्थी नाही, विकत घ्यायच्या मिस्सा नाहीत. हातात उरलं काय? एक पत्र आणि प्रार्थना.

15 फेब्रुवारी 1530 चं ते पत्र आजही उपलब्ध आहे. विद्वानांना तो लॅटिनमध्ये लिहायचा, हे साध्या जर्मनमध्ये आहे. सुरुवातीला धर्म वगैरे काही नाही, आधी व्यवस्था! भाचा सिरियाकसला पाठवतोय, तुम्हाला आणि आईला गाडीत घालून इकडे आणता येईल का ते तो बघेल. सूनही रडून तेच म्हणतेय. मग प्रार्थना. देवाने तुम्हाला आजवर दणकट शरीर दिलं, पण आता वय झालंय म्हणून मला काळजी वाटते, असं तो सरळ लिहितो. बरे व्हाल असं वचन मात्र देत नाही. देवाने राखलं तर उत्तम. नाही तर हे जग सोडणं म्हणजे मान्सफेल्डहून विटेनबर्गला येण्यापेक्षाही छोटा प्रवास, तासाभराची झोप. येऊ शकत नाही ह्याचं दुःख तो झाकत नाही.

हान्सला विटेनबर्गला आणणं काही झालं नाही. तिथल्या पाळकाने ते पत्र त्याला वाचून दाखवलं आणि विचारलं, ह्यावर तुमचा विश्वास आहे का? म्हातारा म्हणाला, विश्वास न ठेवणारा लबाडच म्हणायचा. ल्यूथर ही आठवण पुढे जेवणाच्या टेबलावर सांगत असे.

29 मे 1530 ला हान्स गेला. ल्यूथर तेव्हा कोबुर्गच्या किल्ल्यात होता, कारण आउग्सबुर्गच्या महत्त्वाच्या सभेलाही कायद्याबाहेरच्या माणसाला जाता येत नव्हतं. बातमी 5 जूनला पोचली. सोबतचा लेखनिक फाइट डीट्रिख लिहितो, की ल्यूथरने स्तोत्रसंहिता उचलली, खोलीत गेला आणि इतका रडला की दुसऱ्या दिवशी त्याचं डोकं चालेना. हाच डीट्रिख सांगतो, की त्या किल्ल्यात ल्यूथर रोज किमान तीन तास प्रार्थना करायचा, तेही अभ्यासाच्या सगळ्यात चांगल्या वेळेतले. म्हणजे विश्वास पक्का होता, आणि रडूही तितकंच खरं होतं. मला वाटतं, आजाऱ्याच्या उशाशी "श्रद्धा ठेव, रडू नकोस" म्हणणाऱ्या प्रत्येकाने, मग तो कुठल्याही धर्माचा असो, हे लक्षात ठेवावं.

त्याच दिवशी त्याने मेलांख्थॉनला लिहिलं, की मी आज जो आहे तो देवाने ह्या बापाच्या घामातून घडवलाय, आणि आता घराण्यात जवळजवळ मीच थोरला उरलोय.

पुढच्याच वर्षी आईची पाळी आली. 20 मे 1531 ला ल्यूथरने तिलाही तसंच लांबलचक पत्र लिहिलं, तेही लांबूनच. जूनअखेर ती गेली. धीर देणारी बरीच वाक्यं झाल्यावर शेवटी तो घरची खबर देतो. मुलं आणि काथारिना तुझ्यासाठी प्रार्थना करताहेत. काही जण रडताहेत, काही जण जेवताहेत, आणि म्हणताहेत की आजी फार आजारी आहे.