रुग्णालय आणि आपत्काल : बिदर-कलबुर्गीच्या इतिहासाची साक्ष

ज्या घरी रोगी आश्रयाला येतो, ते घर संकटाच्या दिवशी उभे राहिले पाहिजे, हे सांगावयास कोणा शास्त्रकाराची आवश्यकता नाही. परंतु जी गोष्ट सांगावी लागत नाही, तिचाच विसर मनुष्यास लवकर पडतो. भूकंप, महापूर, अग्निप्रलय, अवर्षण किंवा साथ यांपैकी कोणतेही संकट ओढवले, की सारे गाव रुग्णालयाकडे धाव घेते; आणि नेमक्या त्याच घटकेला रुग्णालयाची भिंत खचलेली, दिवा विझलेला, पाणी तुटलेले आढळते. असे का व्हावे, आणि ते टाळण्यासाठी आपल्या पूर्वजांनी काय केले, याचा विचार बिदर व कलबुर्गी या सीमाभागाच्या इतिहासाच्या आधाराने करावा, असे आम्ही योजिले आहे. हा मुलूख मराठी, कानडी, तेलुगू व उर्दू या चार भाषांचा संगम आहे. श्रीक्षेत्र गाणगापूर आणि माणिकनगर यांच्यामुळे मराठी भाविकांचे पाय या भूमीला पिढ्यान्‌पिढ्या लागत आले आहेत. तेव्हा येथील प्रश्न आमच्या वाचकांना परका वाटणार नाही, अशी आमची खात्री आहे.

आरंभी देवस्थानांचेच उदाहरण घेऊ. तमिळ देशात कांचीपुरमजवळ तिरुमुक्कूडल येथे व्यंकटेश पेरुमाळाचे मंदिर आहे. तेथील इ. स. १०६९ च्या सुमाराचा, चोल राजा वीरराजेंद्र याच्या काळचा शिलालेख प्रसिद्ध आहे. मंदिराच्या उत्पन्नातून वेदपाठशाळा, छात्रालय आणि १५ खाटांचे आतुरालय चालत असे. लेखात काय नमूद आहे ते पाहण्याजोगे आहे. एक वैद्य, एक शस्त्रक्रिया करणारा, वनस्पती व सरपण आणणारे दोघे, शुश्रूषेसाठी दोन परिचारिका, एक न्हावी व एक पाणक्या, अशी माणसे नेमून दिली आहेत. वर्षभर साठवून ठेवावयाच्या औषधांची यादी दिली आहे. रात्री दिवा तेवावा म्हणून तेलाचीही तरतूद केली आहे. दान देणाऱ्याने केवळ भिंती उभारून आपले नाव कोरले नाही. पाणी, दिवा, औषध व माणूस या चारही गोष्टी त्याने दगडावर लिहून बांधून ठेवल्या. आजच्या भाषेत ज्याला आपत्काळासाठी पूर्वसिद्धता म्हणतात, तिचे बीज या लेखात आहे, असे आम्हांस वाटते.

आता बिदरकडे वळू. बहमनी राज्याची राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला आल्यानंतर, १४३६ ते १४५८ या काळात राज्य करणाऱ्या दुसऱ्या अलाउद्दीन अहमदशहाने तेथे एक मोठे रुग्णालय स्थापन केल्याचे इतिहासकार फिरिश्ता सांगतो. या दारुश्शिफामध्ये हिंदू वैद्य आणि मुसलमान हकीम अशा दोघांचीही नेमणूक होती. आणि औषधे व अन्नपाणी यांच्या खर्चासाठी काही गावांचे उत्पन्न कायमचे तोडून दिले होते. राजाची मर्जी फिरली, खजिना रिता झाला, तरी रोग्याच्या तोंडची पेज बंद पडू नये, हा त्या योजनेचा अर्थ होय. तिरुमुक्कूडलचा चोल आणि बिदरचा बहमनी यांचा धर्म निराळा, भाषा निराळी. परंतु रुग्णालय टिकते ते त्याच्या अखंड पुरवठ्यावर, हे दोघांनीही सारखेच ओळखले होते.

त्याच पंधराव्या शतकात, बिदरच्या सत्तेखालील मंगळवेढ्यास दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठार उपाशी रयतेला खुले केले, अशी परंपरा आहे. विठोबाने विठू महाराच्या रूपाने बिदरच्या दरबारी जाऊन धान्याचे मोल भरले, ही कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. कथेतील भक्तिरस आपण सर्वजण जाणतो. तिच्यातील व्यवहाराकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. पंतांनी कोठार उघडले ते खरे. पण उघडल्यावर आत धान्य होते! दुष्काळ पडण्यापूर्वी कोणीतरी ते भरून ठेवले होते. रिकाम्या कोठारापुढे दामाजीपंतांची दयाही हतबल झाली असती. औषधांचे, रक्ताचे व प्राणवायूचे कोठार संकटापूर्वी भरलेले नसेल, तर डॉक्टरांच्या करुणेचीही तीच गत होते.

पाण्याच्या बाबतीत बिदरने याहून मोठा धडा ठेवला आहे. शहराजवळ नौबाद येथे बहमनी काळातील करेझ, म्हणजे भूमिगत जलवाहिनी, आजही पाहावयास मिळते. दोन किलोमीटरांहून अधिक लांबीचा हा बोगदा जांभ्या खडकातून खोदलेला असून, त्यावर ठिकठिकाणी उभी विवरे आहेत. भूगर्भातील पाणी केवळ उताराने वाहत येते. त्याला मोट लागत नाही, रहाट लागत नाही. उन्हाने ते आटत नाही, आणि वेढा घालणाऱ्या शत्रूला ते सहजी तोडताही येत नाही. आजच्या रुग्णालयाचे पाणी विजेच्या पंपावर अवलंबून असते, आणि वीज तर वादळाच्या पहिल्याच तडाख्यात जाते. पाचशे वर्षांपूर्वीच्या या बांधकामाने विचारलेला प्रश्न आजही जिवंत आहे : वीज गेल्यावर तुमचे पाणी कोठून येणार?

बिदरच्याच भूमीवर दुसरा एक धडा भग्नावस्थेत उभा आहे. वजीर महमूद गावान याने १४७२ मध्ये बांधलेली मदरसा ही तीन मजली वास्तू दक्षिणेतील विद्येचे माहेरघर होती. दोन शतकांहून अधिक काळ तिने ऊनपाऊस सोसला. पुढे मोगली अमलात तिच्या खोल्यांत दारूगोळा साठविला गेला, आणि १६९६ मध्ये झालेल्या स्फोटात दर्शनी भागाचा मोठा हिस्सा व दोन मिनारांपैकी एक मिनार नाहीसा झाला. वास्तूचा पाया कच्चा नव्हता, कारागीर उणा नव्हता. तिच्या पोटात जे नको ते साठविले गेले, त्याने तिचा घात केला. महाराष्ट्रात भंडारा येथील जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या रात्री नवजात अर्भकांच्या कक्षाला आग लागून १० बालके दगावली. त्याच वर्षी २१ एप्रिलला नाशिक महापालिकेच्या रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली, पुरवठा खंडित झाला, आणि वीसहून अधिक रोगी प्राणास मुकले. दोन्ही ठिकाणी भूमी कंपली नव्हती की नदी चढली नव्हती. विजेच्या तारा, प्राणवायूच्या नळ्या व टाक्या हा आजच्या रुग्णालयाचा जीव. आणि देखरेख सुटली, की त्याच त्याचा दारूगोळा होतात.

जागेच्या निवडीचा धडा शोधण्यासाठी हैदराबादेस जावे लागते. बिदर व गुलबर्गा हे दोन्ही जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते, तेव्हा ती त्यांची राजधानीच होती. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला आलेल्या महापुरात हजारो माणसे बुडाली, आणि नदीकाठचे अफझलगंज रुग्णालय पुराच्या तडाख्यात नष्ट झाले. रुग्णालयाच्या आवारातील एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसांनी आपले प्राण वाचविले, असे सांगतात. उपचारासाठी बांधलेले घर वाहून जावे आणि चिंचेच्या झाडाने रक्षण करावे, याहून बोलके उदाहरण इतिहासात क्वचित सापडेल. पुढे विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने धरणे बांधली गेली. उस्मानसागर १९२० मध्ये व हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाला. नदी आवरली गेली. परंतु त्याच काठावर उभारलेल्या उस्मानिया रुग्णालयाच्या जुन्या इमारतीत जुलै २०२० मध्ये पावसाचे व गटाराचे पाणी शिरले, आणि खाटांवरील रोग्यांना हलवावे लागले. नदीला बांध घातला तरी रुग्णालयाचा सखलपणा जात नाही, हेच खरे.

या भागाला सर्वांत मोठा हादरा बसला तो ३० सप्टेंबर १९९३ रोजी. अनंतचतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे निजली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात ६.२ प्रतीचा भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. किल्लारी आज महाराष्ट्रात असली, तरी बसवकल्याण तेथून सरळ रेषेत पन्नास किलोमीटरांच्या आत आहे. हानी सोसलेला निलंगा तालुका तर १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्याचाच होता. राज्याची सीमा कागदावर असते. भूगर्भातील लाटेला ती ठाऊक नसते. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील माळवदाचा भार यांनी झोपलेल्या माणसांना गाडले. तोवर दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने जवळजवळ निर्धोक गणले जात असे. पुढे २००२ मध्ये देशाचा भूकंप-नकाशा सुधारताना लातूरचा प्रदेश तिसऱ्या क्षेत्रात घेण्यात आला.

भूकंपात रुग्णालयच कोसळले तर काय होते, हे २६ जानेवारी २००१ रोजी भुजने पाहिले. तेथील मुख्य रुग्णालय जमीनदोस्त झाले, आणि जखमींवर उघड्या मैदानात उपचार करावे लागले. त्या जागी जे नवे रुग्णालय २००४ मध्ये उघडले, त्याच्या खांबांखाली शिसे व रबर यांच्या जाड बैठका आहेत. भूमी हलली तरी इमारतीला बसणारा झटका त्या सोसून घेतात. भारतीय मानकानुसार रुग्णालयाची रचना साध्या घराच्या दीडपट भूकंप-बल गृहीत धरून करावी लागते, ती याच कारणासाठी.

तथापि केवळ भक्कम इमारत पुरेशी नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील ऑलिव्ह व्ह्यू हे नवे कोरे रुग्णालय १९७१ च्या भूकंपात मोडले. त्यानंतर कडक कायदा झाला, आणि रुग्णालय अतिशय मजबूत असे पुन्हा बांधले गेले. १९९४ च्या भूकंपात त्याचा सांगाडा अभंग राहिला. पण आतील पाण्याचे नळ फुटले, मजल्यांवर पाणी झाले आणि रोग्यांना बाहेर काढावे लागले. सांगाडा वाचला, सेवा बुडाली! म्हणून रुग्णालय उभे राहणे आणि रुग्णालय चालू राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे ध्यानात ठेवावे.

कलबुर्गीने अलीकडच्या काळात हे सारे एकापाठोपाठ एक अनुभवले. मार्च २०२० मध्ये देशातील करोनाच्या साथीचा पहिला मृत्यू याच जिल्ह्यातील रोग्याचा नोंदला गेला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात भीमेला महापूर आला आणि काठची गावे रिकामी करावी लागली. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०२१ मध्ये, चिंचोळी तालुक्यातील गडीकेश्वर परिसरात भूकंपाचे धक्के बसत राहिले आणि भयभीत ग्रामस्थांनी घरे सोडली. साथीत रोग्यांना एकमेकांपासून दूर ठेवावे लागते. पुरात तर निराश्रितांना एकत्र आणावे लागते. ही दोन्ही संकटे एका वर्षात आली, तेव्हा एका संकटाची तयारी दुसऱ्याला पुरत नाही, हे उघड झाले.

हे सर्व देवस्थान-परिवारातील वाचकांपुढे मांडण्यात आमचा एक हेतू आहे. आपली देवस्थाने व त्यांचे भक्त रुग्णालयांना उदार हस्ते दान देतात. कोणी खाटा देतो, कोणी यंत्र देतो, कोणी आईवडिलांच्या स्मरणार्थ एखादा कक्ष बांधून देतो. हे दान स्तुत्य आहे. परंतु दात्याने देण्यापूर्वी काही प्रश्न अवश्य विचारावेत. जागा पूररेषेच्या वर आहे काय? आराखडा भूकंपाचा विचार करणाऱ्या अभियंत्याने तपासला आहे काय? कपाटे, टाक्या व प्राणवायूची नळकांडी भिंतीला वा जमिनीला पक्की जखडली आहेत काय? विजेच्या तारांची तपासणी कधी झाली, आणि आगीच्या वेळी अर्भकांना कोणी कोणत्या दाराने बाहेर न्यावयाचे, याची तालीम होते काय? वीज गेल्यास किती तास दिवा तेवेल, आणि पाणी किती दिवस पुरेल? या प्रश्नांना उत्तर नसेल, तर नवा कक्ष बांधण्याआधी पाण्याची टाकी, जनित्र आणि तारांची दुरुस्ती यांसाठी दान द्यावे. त्यावर नामफलक शोभून दिसणार नाही हे खरे. पण तिरुमुक्कूडलच्या दात्याने दिव्याच्या तेलाची तरतूद दगडावर कोरण्यात कमीपणा मानला नाही.

गाणगापुरास भीमा-अमरजेच्या संगमावर पर्वकाळी हजारो यात्रेकरू स्नानासाठी जमतात. त्यांपैकी कित्येक वृद्ध, कित्येक रोगी; श्रीदत्तगुरूंच्या पायी आरोग्य मागावयास आलेले. त्यांच्यावर अवचित प्रसंग ओढवला, तर जवळच्या दवाखान्याचे दार उघडे असावे, आत दिवा असावा, पाणी असावे आणि औषध देणारा हात असावा, एवढी सिद्धता करणे ही आपल्या हातची गोष्ट आहे. दामाजीपंतांचे कोठार आधी भरलेले होते. आपलेही तसेच असावे.