शिन्कावात बिऱ्हाड

24 डिसेंबर 1909. जपानमधलं कोबे शहर. दुपार कललीय, आणि रोक्को डोंगरावरून उतरणारा वारा तुमच्या कानांना झोंबतोय. समोर एक काटकुळा तरुण हातगाडी घेऊन चाललाय. गाडीवर अंथरूण, थोडे कपडे आणि पुस्तकं. चार पावलं झाली की तो थांबतो आणि खोकतो. गाडीला मागून हात लावा, कारण पुढे गल्ली अरुंद होत जाते आणि त्याच्या फुप्फुसांत क्षय आहे.

कागावा तोयोहिको त्याचं नाव. वय 21. बाप व्यापारी, आई गेइशा; दोघंही तो पाच वर्षांचा व्हायच्या आत गेली. तोकुशिमात वडिलांच्या घरी वाढला, तिथे अमेरिकन मिशनरींकडे इंग्रजी शिकता शिकता बायबल हातात पडलं, आणि 1904 साली त्याने बाप्तिस्मा घेतला. घरच्यांनी पाठ फिरवली. आता तो इथल्या धर्मशिक्षणाच्या शाळेत पाळक व्हायला शिकतोय. आपण फार दिवसांचे सोबती नाही असं त्याला वाटतं. उरलेले दिवस कुठे घालवायचे, तेवढं त्याने ठरवलंय.

ही शिन्कावा. आत शिरलात की आधी वास येतो, मग माणसं दिसायला लागतात. गोदीतले हमाल, भंगार वेचणारे, भिकारी, जुगारी, शरीर विकणाऱ्या बाया, तुरुंगातून सुटून आलेले. उंबऱ्यात बसलेल्या बायका आणि पोरं काड्यापेट्यांच्या कामात गुंतलीत; कोबे हे काड्यापेट्यांच्या धंद्याचं मोठं केंद्र आहे आणि तो धंदा अशाच हातांवर चालतो. पलीकडच्या बंदराशी आपलंही नातं आहे. 1893 पासून मुंबई ते कोबे आगबोट चालते, जमशेटजी टाटांच्या पुढाकाराने सुरू झालेली, आणि आपल्याकडचा कापूस इथे उतरतो. तुमच्या शेजारून खांदा घासत गेलेल्या हमालाने कदाचित आज सकाळीच वऱ्हाडातली गाठ उचलली असेल.

खोली मिळाली ती स्वस्तात. इथे खून झालाय, मेलेल्याचं भूत फिरतं, म्हणून कोणी भाडेकरू टिकत नव्हता. आत वाकून या. खिडकी नावालाच, आणि भिंतींच्या फटींत ढेकूण. दोन-तीन माणसं दाटीवाटीने झोपतील एवढी जागा.

आणि ती दाटी लगेचच होते. बिऱ्हाड मांडून होतंय तोच एक जण दारात उभा राहतो. अंगभर खरूज. मला ठेवून घेता का, म्हणतो. कागावा क्षणभर गप्प राहतो. तुम्ही त्याच्याकडे नीट बघा. भीती त्यालाही वाटतेय. चांगल्या घरात वाढलेला मुलगा आहे तो. मग तो बाजूला सरकून जागा करतो. पुढे आणखी एक येतो, माणूस मारून शिक्षा भोगून आलेला. त्याला रात्री मेलेल्याची भीती वाटते, म्हणून तो कागावाचा हात धरून झोपतो. शिष्यवृत्तीचे तुटपुंजे पैसे एवढ्या तोंडांना पुरत नाहीत, तेव्हा भाताची पेज पातळ होत जाते. याच सोबतीतून त्याला खुपऱ्यांची लागण होईल आणि त्याची नजर जन्मभर अधू राहील.

धर्मशास्त्राचे जाड ग्रंथ कोपऱ्यात रचलेले आहेत, पण त्यातली मध्यवर्ती गोष्ट तुम्हाला या खोलीत उलगडेल. देव वरून हुकूम सोडत बसला नाही, तो माणूस होऊन माणसांत राहायला आला, ही ख्रिस्ती श्रद्धा. कागावा ती शब्दशः घेतो. देव असा आला असेल, तर त्याच्या सेवकाने वस्तीत रविवारी येऊन प्रवचन करून सांजेला शहरातल्या बंगल्यात परतायचं, हे त्याच्या बुद्धीला पटत नाही. तो रस्त्यावर उभा राहून उपदेशही करतो, तापाने फणफणलेला असतानाही करतो. पण वस्ती त्याला ओळखते ती राहायला आलेला माणूस म्हणून. मला यात त्याचं सगळ्यात मोठं कर्तृत्व दिसतं. पुस्तकं पुढे त्याने ढिगाने लिहिली.

थोडे महिने पुढे चला. रात्र आहे. या वस्तीत एक धंदा चालतो, त्याबद्दल कोणी मोठ्याने बोलत नाही. नको असलेलं तान्हं बाळ काही येन देऊन कोणाच्या तरी हवाली केलं जातं. घेणारी त्यातले थोडे ठेवून बाळ पुढे दुसरीला देते, ती तिसरीला. शेवटी उरते पातळ पेज, आणि मग तीही नाही. इथे कागावाने पुरलेल्यांत अशी कितीतरी बाळं आहेत. आज त्याच्या मांडीवर असंच एक आहे, ओइशी नावाची मुलगी. परीक्षा डोक्यावर आलीय. एका हाताने तो दुधाची बाटली धरतो. बाळ रडायचं थांबतं तेव्हा तो घाबरतो, गालाला गाल लावून श्वास बघतो. ती रडली की त्याच्या जिवात जीव येतो. तुम्ही दिवा जवळ धरा. याहून जास्त तुमच्याच्याने इथे काही होणार नाही.

1913 मध्ये त्याचं लग्न होतं. शिबा हारू छापखान्याच्या बांधणी खात्यात काम केलेली मुलगी. तिचं नाव नेहमी मागे पडतं, म्हणून इथे थांबून सांगतो: ती लग्न करून याच वस्तीत आली, याच वस्तीतल्या खुपऱ्यांनी तिचा एक डोळा गेला, आणि कामकरी बायकांची संघटना उभी करण्यात ती पुढे होती.

मग अमेरिका. 1914 ते 1917; त्यातला बराच काळ प्रिन्स्टनमध्ये शिकण्यात. न्यूयॉर्कच्या रस्त्यावर तो शिंपीकाम करणाऱ्या कामगारांचा प्रचंड मोर्चा बघतो आणि त्याच्या मनातलं गणित बदलतं. एकेकाला पेज पाजून शिन्कावा रिकामी होणार नाही. मजुरी वाढली पाहिजे, आणि ती मागायला माणसं एकत्र आली पाहिजेत.

म्हणून 1921 च्या जुलैत तुम्ही पुन्हा कोबेत या. कावासाकी आणि मित्सुबिशीच्या जहाजबांधणी गोद्या बंद आहेत. हजारो कामगार रस्त्यावर, आणि पुढे चालणाऱ्यांत तो अधू डोळ्यांचा पाळक. त्याला अटक होते. संप ऑगस्टमध्ये फसतो. पण त्याच वर्षी कोबेत त्याच्या पुढाकाराने ग्राहकांची सहकारी संस्था सुरू होते, आणि तिची वारस असलेली संस्था आजही जपानमधल्या मोठ्या सहकारी संस्थांत मोडते. आदल्या वर्षीची त्याची कादंबरी तुफान खपली होती, तिचे पैसे याच कामांत जिरले.

इथवर आलात तर त्याचं 1915 सालचं पुस्तकही उघडायला हवं. गरिबांच्या मनाचा अभ्यास असं ते आहे. त्यात बुराकू समाजाबद्दल तो लिहितो की हे लोक वंशानेच वेगळे, गुन्हेगारी वृत्तीचे. कातडी कमावणं, मेलेली जनावरं ओढणं अशा कामांवरून पिढ्यान्‌पिढ्या अस्पृश्य ठरवलेली ही माणसं. 1871 च्या सरकारी फर्मानाने कागदावर मोकळी झालेली, आणि शिन्कावात त्याच्या भिंतीला भिंत लावून राहणारी. ज्याने खरजेला जागा दिली, त्याच्या लेखणीतून हे उतरलं. मराठी वाचकाला हे वाचताना काय होतं ते मी वेगळं सांगायला नको. शेजार केल्याने सगळं धुऊन निघतं असं मानणाऱ्या प्रत्येक सेवाभावी माणसाने हे पान वाचावं, आणि त्या पानामुळे त्या खोलीतल्या रात्री खोट्या ठरतात असंही कोणी म्हणू नये. दोन्ही एकाच माणसाचं आहे.

त्या पानाचं उत्तर ऐकायला क्योतोला चला. 3 मार्च 1922, ओकाझाकीचं सभागृह. देशभरातून आलेले बुराकू लोक जमलेत आणि समतेसाठी स्वतःची संघटना स्थापन करताहेत, सुइहेइशा. महाडचं चवदार तळं अजून पाच वर्षं दूर आहे. व्यासपीठावरून जाहीरनामा वाचला जातो. तो लिहिलाय साइको मानकिची या तरुणाने, बौद्ध मंदिरात जन्मलेल्या. तुमचे कान टवकारतात, कारण मजकुरात काटेरी मुकुट येतो. ख्रिस्ताच्या डोक्यावरचा मुकुट या माणसांनी स्वतःच्या डोक्यावर ओळखलाय, आणि तो अपमान मिरवायचा काळ आता आला असं ते म्हणताहेत. पुढे तोच मुकुट त्यांच्या काळ्या निशाणावर लाल रंगात चढेल. आमच्यावर दया करणाऱ्यांनी आमचं काही भलं केलं नाही, असं ते त्याच जाहीरनाम्यात बजावतात.

सभेत यामादा कोनोजिरो नावाचा सोळा वर्षांचा मुलगा उभा राहतो. शाळेत आपल्याला कसं वागवतात ते सांगताना त्याला रडू फुटतं, आणि सभागृहातली मोठी माणसंही रडायला लागतात. मग तो डोळे पुसतो आणि म्हणतो की ही रडायची वेळ नाही, लहानमोठ्या सगळ्यांनी आता उठून उभं राहायचं.