किल्ल्यावरचं तळं मुलांना दाखवा

हिवाळा लागला की अमरावती-अकोल्याच्या शाळांच्या सहली निघतात. चिखलदऱ्याला गेलेली मुलं गाविलगड पाहतात, अकोटकडची नरनाळ्यावर जातात. आपल्या वस्तीतली मुलंही त्यात असतात. दरवाजा, तोफ, बुरूज, फोटो, डबा आणि परत. मुलांना राजांची नावं सांगितली जातात. बाकीची माणसं कुठे होती, हे कुणी सांगत नाही.

राजांची नावं तरी किती! गाविलगड १४२५ मध्ये अहमदशाह बहमनीने बांधला, असं आपण शिकतो. नरनाळ्याचा देखणा महाकाली दरवाजा १४८७ चा. वऱ्हाडचा सुभेदार फत्तेउल्ला इमादुल्मुल्क १४९० मध्ये स्वतंत्र झाला आणि इमादशाही सुरू झाली. तो जन्माने कन्नड हिंदू, लहानपणी कैद होऊन मुसलमान झालेला, असं फरिश्ता लिहितो. १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने वऱ्हाड जिंकलं. मग मोगल आले, नागपूरकर भोसले आले. १५ डिसेंबर १८०३ ला वेलस्लीच्या फौजेने गाविलगड घेतला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला.

जवळपास चारशे वर्षांत मालक बदलले, मालकांचे धर्म बदलले, झेंडे बदलले. पण गावकुसाबाहेरच्या माणसाला सार्वजनिक पाणवठ्याचा हक्क यापैकी एकाही राजवटीने दिला नाही. हा इतिहास बुरुजावर दिसत नाही. तो तळ्याकाठी सांगावा लागतो.

डोंगरी किल्ला पाण्यावर जगतो. पावसाचं पाणी अडवून साठवलं नाही तर तोफा असूनही गड पडेल. म्हणूनच नरनाळ्यावर शक्कर तलाव आहे, दगडात बांधलेली टाकी आहेत. ती खोदणारे हात राजाचे नव्हते. आणि गावात तळी-विहिरी खोदायला लागणारे हात चालत, पण पाणी प्यायला तेच हात चालत नसत. जातीची व्यवस्था मुलांना समजावून सांगायला याहून सोपं उदाहरण नाही.

हे फार जुनं झालं, असं कुणी म्हणेल. त्याने १९३४ चा दौलताबाद आठवावा. तो किल्ला आपल्या वऱ्हाडातला नाही, पण प्रसंग आपल्या सगळ्यांचा आहे. बाबासाहेब तीसेक सहकाऱ्यांसोबत वेरूळ पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला होता. प्रवासाने सगळे धुळीने माखलेले. दारापाशी पाण्याने भरलेलं छोटं टाकं दिसलं, त्यात काहींनी हात-पाय-तोंड धुतलं. लगेच टाकं बाटवल्याचा ओरडा झाला आणि मुसलमानांचा जमाव शिव्या देत अंगावर आला. शेवटी आत सोडलं, पण आतल्या पाण्याला हात लावू नये म्हणून सोबत हत्यारबंद शिपाई दिला. बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये हे लिहून ठेवलंय. महाडचा सत्याग्रह होऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. गोलमेज परिषद गाजवलेला, कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या मिळवलेला माणूस किल्ला पाहायला गेला, तर त्याच्यावर पहारा! जात हिंदू धर्मातून निघाली, पण तिने इथल्या इतर धर्मांतही घर केलं, हे त्यांनी तिथे अनुभवलं. पुढच्याच वर्षी येवल्याची घोषणा झाली.

"लहान मुलांच्या सहलीत जात कशाला आणता?" असं काही शिक्षक विचारतात. मित्रांनो, आपण ती आणत नाही. ती आधीपासून तिथे आहे, फक्त तिच्यावर फलक लावलेला नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जेफरसनच्या माँटिसेलो या वाड्यात आज पर्यटकांना गुलामांच्या राहण्याच्या जागा आणि त्यांची नावं दाखवतात. त्याने तो वाडा लहान झाला नाही, पाहणारा शहाणा झाला. आपल्या किल्ल्यांवर असा एखादा फलक का नको? पुरातत्त्व खात्याकडे ही मागणी आपणच केली पाहिजे.

तोवर फलकाचं काम आपण करू. किल्ले सोडायचे नाहीत. त्या दगडांवर आपल्या पूर्वजांच्याही श्रमाचा हक्क आहे. मुलांना जरूर न्या, बुरुजावर चढू द्या, तोफेपाशी फोटो काढू द्या. मग तळ्याकाठी बसवा आणि तीन प्रश्न विचारा: दगड कुणी वाहिला? पहारा कुणी केला? पाणी कुणाला मिळालं?

आणि तिथेच संविधानाचा अनुच्छेद १५(२) वाचून दाखवा. त्यात विहिरी, तलाव, स्नानघाट यांचा उल्लेख नावानिशी आहे. संविधानात तलाव हा शब्द कशासाठी यावा लागला, हे मुलांना पुस्तकातून कळायला वेळ लागेल. तळ्याकाठी लगेच कळेल.

जय भीम.