मांडीपासून पाठमोऱ्या आसनापर्यंत : मोटारीतील बालकाच्या सुरक्षिततेचा ऐतिहासिक मागोवा (विशेष संदर्भ : कामरगाव परिसर)

प्रस्तावना

वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील कामरगाव व भोवतालच्या वऱ्हाडी खेड्यांत तान्ह्या मुलाचा प्रवास पिढ्यान्‌पिढ्या आईच्या मांडीवर झाला. बाळंतीण माहेरहून सासरी निघाली की बंडीत किंवा दमणीत कडबा पसरून त्यावर सतरंजी अंथरली जाई आणि मूल मांडीवर घेऊन ती बसे. बैलांची चाल ताशी चार-पाच किलोमीटरची. चाक खड्ड्यात गेले तरी मुलाला सावरण्यास आईचे दोन हात पुरेसे होते. मांडी ही मुलाची सर्वांत सुरक्षित जागा, हा समज भाबडेपणातून आलेला नाही. त्या वेगाच्या काळात तो अनुभवसिद्ध होता. कारंजावरून जाणारी ‘शकुंतला’ ही अरुंदमापी रेल्वेही इतक्या संथपणे धावे की तिने हा समज बदलण्याचे कारण नव्हते.

वेग मात्र बदलला. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि कारंजा तालुक्यातून जाणाऱ्या या रस्त्यावर मोटारींसाठी ताशी १२० किलोमीटरची मर्यादा ठरली. नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून कारंजास येणारी कुटुंबे, पुण्या-मुंबईहून गावी परतणारी लेक-जावई मंडळी याच मार्गाने येतात. आणि बहुधा मूल मांडीवरच असते. बंडीच्या काळातील सवय महामार्गावर तशीच आली, ही या विषयातील मूळ विसंगती होय.

मांडीची मर्यादा

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार आदळून अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर आतील व्यक्तीवर तिच्या वजनाच्या सुमारे वीस पट बल येते. दहा किलो वजनाचे मूल त्या क्षणी दोनशे किलोंच्या ओझ्यासारखे पुढे फेकले जाते. हे ओझे कोणत्याही मातेचे हात धरू शकत नाहीत. मूल आणि आई यांना एकाच पट्ट्यात गुंडाळणे तर अधिक घातक. कारण आईच्या शरीराचा भार मुलावरच येतो.

त्यातही तान्ह्या मुलाची शरीररचना निराळी असते. त्याचे डोके शरीराच्या मानाने फार मोठे आणि जड. मानेचे मणके अद्याप पूर्ण हाडाचे झालेले नसतात. मूल पुढे तोंड करून बांधलेले असेल, तर समोरून आदळताना धड पट्ट्याने अडते, डोके मात्र पुढे झेपावते आणि सारा ताण मानेवर येतो. तेच मूल गाडीच्या मागील काचेकडे तोंड करून बसविले, तर डोके, मान व पाठ एकाच वेळी आसनाच्या पाठीत रुततात आणि बल विस्तृत भागावर वाटले जाते. पाठमोऱ्या आसनाचे सारे शास्त्र एवढ्या एका गोष्टीत आहे.

आसनाची जन्मकथा

मोटारीतील मुलांची पहिली आसने सुरक्षिततेसाठी नव्हतीच. १९३० च्या दशकात अमेरिकेत विकली जाणारी आसने मूल उंच बसावे, त्याला बाहेरचे दिसावे व त्याने चालकास त्रास देऊ नये, एवढ्यासाठी होती. १९५९ मध्ये स्वीडनच्या व्होल्वो कंपनीतील अभियंता निल्स बोहलिन यांनी त्रिबिंदू पट्टा सिद्ध केला. तो प्रौढांच्या देहासाठी होता. मुलांचा प्रश्न १९६२ मध्ये ब्रिटनमधील जीन एम्स व अमेरिकेतील लेनर्ड रिव्हकिन यांनी स्वतंत्रपणे हाती घेतला. परंतु निर्णायक विचार स्वीडिश वैद्य बर्टिल आल्डमन यांचा. जेमिनी यानातील अंतराळवीर उड्डाणाचा धक्का पाठीवर घेतात, हे पाहून त्यांनी १९६४ च्या सुमारास मुलासाठी पाठमोऱ्या आसनाचा नमुना केला. अंतराळप्रवासातून पाळण्याकडे आलेली ही कल्पना विज्ञानाच्या इतिहासात आहे त्याहून अधिक लक्ष देण्याजोगी आहे. स्वीडनमध्ये मूल चार वर्षांचे होईपर्यंत पाठमोरे बसविण्याची रीत त्यातूनच रुजली.

कायदा मागाहून आला. अमेरिकेत टेनेसी राज्याचा कायदा १९७८ मध्ये अमलात आला आणि १९८५ पर्यंत सर्व राज्यांनी तसे कायदे केले. युरोपात २०१३ च्या नव्या नियमाने, त्याखाली प्रमाणित आसनांत पंधरा महिन्यांपर्यंत मूल पाठमोरेच बसविणे बंधनकारक केले.

भारतातील स्थिती

भारतात मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४-ब आले. चौदा वर्षांखालील मूल सुरक्षा पट्ट्याने किंवा बाल-आसनाने बांधलेले नसल्यास एक हजार रुपये दंडाची तरतूद त्यात आहे. ‘किंवा’ हा शब्द येथे खटकतो. सहा महिन्यांच्या मुलाला प्रौढांचा पट्टा बांधताच येत नाही. बारा वर्षांच्या मुलाला आसनाची गरज कदाचित नसते. दोघांना एका वाक्यात बसविणाऱ्या या कलमात तोंड कोणत्या दिशेला असावे याचा उल्लेखही नाही. तुलनेने २०२३ मध्ये सुरू झालेली ‘भारत एनकॅप’ ही चाचणी-पद्धत अधिक बोलकी ठरली. दीड व तीन वर्षांच्या मुलांएवढे पुतळे आसनात बसवून मोटार आदळविली जाते आणि बालसुरक्षेस स्वतंत्र गुण मिळतात. आसन अडकविण्याच्या ‘आयसोफिक्स’ कड्याही नव्या मोटारींत सर्रास दिसतात.

निवडीचा प्रश्न

अलीकडे बाजारात फिरती आसनेही आली आहेत. तळ जागी राहतो, वरचे आसन दाराकडे वळते, मूल ठेवून पुन्हा मागे वळवून खटका लावायचा. शस्त्रक्रियेने प्रसूत झालेल्या स्त्रीस किंवा कंबरदुखीने त्रस्त आजीस ही सोय मोठी आहे. मात्र फिरणे ही सोय आहे, संरक्षण नव्हे. गाडी सुरू होण्यापूर्वी खटका बसला नाही, किंवा मूल वर्षाचे होताच हौसेने आसन पुढे वळविले, तर महागडे आसनही व्यर्थ. शिवाय ते वजनदार असते व बहुधा आयसोफिक्स कड्या मागते. गाडी जुनी असेल तर पट्ट्याने बांधता येणारे साधे पाठमोरे आसन अधिक शहाणपणाचे. ते पुढील जागेवर, चालू एअरबॅगसमोर, कधीही ठेवू नये. फुगणारी पिशवी थेट आसनाच्या पाठीवर आदळते.

खरी अडचण वेगळीच आहे. लहान मोटारीत पाठमोरे आसन पुढील जागा पुढे सरकवायला लावते आणि मागची एक जागा कायमची घेते. आजी, आत्या, दोन पोरे व सामान घेऊन लग्नाला निघालेल्या घरास ती जागा परवडत नाही. त्यात मूल रडले की ‘घे त्याला मांडीवर’ असे सांगणारे वडीलधारे गाडीत असतातच. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात उन्हात उभ्या गाडीतील पट्ट्यांची बक्कले मुलाच्या कातडीला चटका देतील इतकी तापतात, हेही आसन टाळण्याचे कारण ठरते. वास्तविक ओला फडका फिरविला तरी भागते.

आणि कामरगावातील बहुसंख्य मुले मोटारीत नव्हे, दुचाकीवर आई-वडिलांच्या मध्ये बसून जातात. त्यांच्यासाठी फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने नियम अधिसूचित केला : नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलास चालकाशी जोडणारा पट्टा, डोक्यास मापाचे शिरस्त्राण आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत.