झापड उतरेपर्यंत

साल १८३५च्या आगेमागे. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात, बकटाउनच्या चौफुल्यावर तुम्ही उभे आहात. समोर वाणसामानाचं लाकडी दुकान. दारात तेरा-चौदा वर्षांची एक गुलाम मुलगी आहे, अरामिंटा. घरचे तिला मिंटी म्हणतात. जवस कुटून कुटून केसांत धाग्यांचा भुसा भरलाय. लाजेपोटी तिनं डोक्यावरून शाल घेतलीय.

आत एका मुकादमानं न विचारता निघून आलेल्या गुलामाला गाठलंय. त्याला बांधायला हात लाव, असं तो मिंटीला फर्मावतो. ती जागची हलत नाही. तो माणूस पळतो. मुकादम दोन पौंडांचं वजन उचलतो आणि त्याच्यामागे भिरकावतो. ते बसतं मिंटीच्या डोक्यात.

जवळ जाऊन पाहा. शालीचा तुकडा जखमेत रुतलाय, जटा झालेले केस रक्तानं चिकटलेत. याच दाट केसांमुळे आपण वाचलो, असं ती पुढे सांगेल. तिला उचलून आणतात, पण टेकायला अंथरूणही नाही. हातमागाच्या बाकड्यावरच ती पडून राहते, आजचा दिवस आणि उद्याचाही. मग तिला पुन्हा शेतात धाडतात. घाम आणि रक्त डोळ्यांत उतरतंय, समोरचं दिसत नाहीये.

कवटीला तडा गेला तर थेट इस्पितळ गाठायचं, हे तुम्हाला ठाऊक आहे. नुसता मुका मार असला, तरी पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मग झेपेल तेवढीच हालचाल, त्रास वाढला की कमी करायची, हेही ठाऊक आहे. इथे ते सांगायचं कुणाला? मालक तिला विकायला काढतो. गिऱ्हाईक मिळत नाही.

आता १८५०च्या दशकातल्या हिवाळ्यात या. रात्र आहे, दलदल आहे, पायाखाली बर्फाळ चिखल. पुढे चालणारी बाई तीच, आता हॅरिएट टबमन. १८४९ साली ती एकटी पळून सुटली आणि इतरांना सोडवायला परत आली. निघायला शनिवारची रात्र बरी, कारण फरारी गुलामांची जाहिरात सोमवारपर्यंत छापून येत नाही. तान्ह्या पोरांना अफूचं औषध पाजून निजवलंय.

आणि डोक्यावरच्या त्या जुन्या मारामुळे मध्येच तिला झापड येते. ती बसते, मान कलते, गाढ झोप लागते. हाका मारून उपयोग नाही. मागे शिकारी कुत्री असतील, पहाट जवळ येत असेल, तरी बरोबरचे झुडपात दबा धरून थांबतात. जाग आली की ती उठते आणि वाट पुन्हा धरते. अशा सुमारे १३ खेपांत तिनं सत्तरेक माणसं बाहेर काढली. वाटेत एकही गमावलं नाही.

शेवटचा मुक्काम बोस्टन, १८९०च्या दशकाची अखेर. बाई पंचाहत्तरीच्या आसपास आहे. डोक्यातली कळ आणि घणघण तिला झोपू देत नाही, म्हणून ती स्वतःच इस्पितळात जाऊन शस्त्रक्रिया मागते. भूल नको म्हणते. युद्धातल्या जखमी सैनिकांसारखी दातांत बंदुकीची गोळी धरते. नंतर जरा आराम पडल्याचं ती सांगते. मार लागून तेव्हा साठ वर्षं उलटलेली असतात.

तिची जखम फार खोल होती. डोक्याला मुका मार बसलेली बहुतेक माणसं काही आठवड्यांत सावरतात. काहींना मात्र महिने लागतात: डोकं ठणकतं, उजेड सोसत नाही, दोन ओळी वाचल्या की गरगरतं. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, हाडाचा तडा दिसतो; पेशींच्या कामात झालेला बिघाड दिसत नाही. म्हणूनच घरात, ऑफिसात विचारणा होते: रिपोर्ट नॉर्मल आहे ना, मग अजून काय?

तुमच्या घरात असं कुणी असेल, तर त्या दलदलीतल्या माणसांसारखा धीर धरा. मात्र डोकेदुखी वाढत गेली, उलट्या होत राहिल्या, हाक मारून जाग येईना, तर क्षणही न दवडता इस्पितळ गाठा. एरवी ट्यूबलाइट मालवा, टीव्हीचा आवाज कमी करा, कामावर अर्धाच दिवस जाऊ द्या, पोराला पुढची मॅच बाहेर बसून बघू द्या. आणि तो दुखतंय म्हणाला, तर त्याच्यावर विश्वास ठेवा.